दृश्य उरतं, सिनेमा जातो

१९६८ चं पॅरिस, सिनेमानं झपाटलेली तीन तरुण मुलं, आई-वडील बाहेरगावी गेल्यामुळे रिकामं पडलेलं मोठं घर आणि त्या घरात वाढत जाणारी, जगाला मान्य नसलेली ओढ. बर्नार्दो बर्तोलुच्ची यांच्या ‘द ड्रीमर्स’ (२००३) या सिनेमात एवढंच घडतं. असा सिनेमा कोल्हापुरात, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात, प्रौढ प्रेक्षकांना अख्खा दाखवावा का? फिल्म सोसायटीच्या कार्यक्रमात असं एखादं नाव सुचवलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘आपल्या गावात कशाला हे?’ दुसरी त्याहून समंजस वाटणारी असते, ‘दाखवा, पण ती दोन-चार दृश्यं काढून.’ आमच्या मते ही दुसरी सूचना पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. सिनेमा अख्खा दाखवावा आणि अठरा वर्षांखालच्या एकालाही दारातून आत सोडू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळता येतात.

आधी सिनेमाकडे बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्यातली फक्त ‘ती’ दृश्यं माहीत असतात.

मॅथ्यू हा अमेरिकेतून शिकायला आलेला मुलगा. इझाबेल आणि थिओ ही जुळी भावंडं. तिघांची गाठ पडते सिनेमाथेक फ्रान्सेजच्या आंदोलनात. या फिल्म संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आँरी लांग्लुआ यांना फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारनं पदावरून दूर केलं. दिग्दर्शक, नट, विद्यार्थी सगळे रस्त्यावर आले आणि एप्रिलमध्ये सरकारला त्यांना परत घ्यावं लागलं. मे महिन्यात तर विद्यार्थ्यांच्या उठावानं अख्खं पॅरिस पेटलं. या धामधुमीत ही तिघं घरात कोंडून घेतात आणि एक खेळ खेळतात. एकानं जुन्या सिनेमातला प्रसंग करून दाखवायचा, दुसऱ्यानं सिनेमाचं नाव सांगायचं. नाव आलं नाही तर समोरचा सांगेल ती शिक्षा. सुरुवातीला हा पोरखेळ असतो. मग शिक्षा धीट होत जातात, हरणाऱ्याला इतरांसमोर उघडं पडावं लागतं, आधी मनानं आणि नंतर अंगानं.

दिग्दर्शकानं इथे एक नेमकी गोष्ट केली आहे. इझाबेल एखाद्या नटीची लकब उचलते तेव्हा मधेच त्या मूळ कृष्णधवल सिनेमाचा तुकडा येतो. पोरीनं उभं राहणं, बघणं, हसणं सगळं पडद्यावरून उचललंय हे आपल्याला कळत जातं. ती अनुभवी असल्यासारखी वागते. आणि मग जे दृश्य कात्रीखाली सगळ्यात आधी जाईल, त्या दृश्यात उघड होतं की तिला कसलाच अनुभव नाही. त्या क्षणी उसनी लकब तिच्या कामाला येत नाही. ती घाबरलेली एक मुलगी असते आणि मॅथ्यूही तेवढाच हबकलेला असतो. हे दृश्य काढलं तर काय उरतं? आधीची सगळी चेकाळलेली सोंगं उरतात आणि सोंग उतरतं तो एकमेव क्षण जातो. म्हणजे उत्तान वाटणारा भाग शाबूत राहिला आणि त्याला उत्तर देणारा भाग कापला गेला.

शेवटाचंही तेच. आई-वडील न सांगता परततात, तिघांना एकत्र झोपलेलं बघतात, काही न बोलता चेक ठेवून निघून जातात. चेक बघून इझाबेलला कळतं की घरात कुणी तरी येऊन गेलं. ती गॅस सोडते. तेवढ्यात रस्त्यावरून आलेल्या दगडानं खिडकीची काच फुटते आणि तिघं वाचतात. आई-वडिलांनी काय बघितलं हे प्रेक्षकाला दाखवलं नाही, तर मुलगी गॅसच्या नळीपर्यंत का पोचली हे कुणालाच उमगणार नाही.

सिनेमा निर्दोष आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्या कादंबरीवर तो बेतला आहे त्या गिल्बर्ट अडेर यांच्या पुस्तकात मॅथ्यू आणि थिओ यांच्यातली ओढही स्पष्ट आहे. पटकथा अडेर यांनीच लिहिली, तरी पडद्यावर ती बाजू फार फिकट झाली. भाऊ-बहिणीतली जवळीक दाखवायला न कचरलेला सिनेमा दोन मुलग्यांपाशी येऊन बिचकला. सेन्सॉर बोर्डाची कात्री सगळ्यांना दिसते, निर्मात्याची स्वतःची कात्री मात्र टेबलावरच चालून गेलेली असते.

आता प्रत्यक्ष कात्रीविषयी. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ‘फक्त दहा फूट काढा’ या शेऱ्याचा अर्थ साधारण पावणेसात सेकंद. पण फितीवर चित्र आणि आवाज शेजारी-शेजारी नसतात. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या पुढे असतो, म्हणून प्रत्येक चित्राचा आवाज सुमारे २० फ्रेम आधी छापलेला असतो. तयार प्रिंटमधून तुकडा कापून दोन टोकं जोडली की कापलेल्या दृश्याचा पाऊण सेकंदाहून थोडा जास्त आवाज शिल्लक राहतो आणि पुढच्या दृश्याच्या चित्रावर सांडतो. एक अर्धवट श्वास, तुटलेला शब्द, आणि त्याखाली दुसऱ्याच माणसाचा चेहरा. जुन्या टॉकीजमध्ये पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांतून, शिट्ट्या उठायच्या त्या नेमक्या याच जागी. प्रेक्षकाला तिथे काही तरी काढलंय हे कळायचं आणि जे काढलं त्याची कल्पना तो मूळ दृश्यापेक्षा रंगवून करायचा.

डिजिटलमध्ये सांधा साफ दिसतो, पण नुकसान तेवढंच होतं. चित्र धूसर करणं, शब्दावर आवाज बंद करणं, चौकट मोठी करून अंग बाहेर ढकलणं, दृश्य ‘निम्म्यानं कमी’ करणं असे पर्याय वापरतात. दृश्याखालचं संगीत ठरावीक लांबीचं रचलेलं असतं. दृश्य निम्मं झालं की संगीताचा उठाव चुकीच्या जागी येतो. मग संकलक दारं-खिडक्यांचे शॉट घालून भरपाई करतो. बघणाऱ्याला वाटतं दिग्दर्शकाला लय कळत नाही.

आणि हे सगळं करून मिळवलं काय? कापलेलं दृश्य कुठे जात नाही. तीन मिनिटांचा तुकडा होऊन ते मोबाइलवर फिरतं. सोळा वर्षांच्या मुलाला ते विनासायास मिळतं, आधीचा खेळ नाही, नंतरचा गॅस नाही, मुलीची भीती नाही. म्हणजे सभागृहात दृश्यांविना सिनेमा आणि खिशात सिनेमाविना दृश्यं. संस्कृतीच्या काळजीनं कात्री मागणाऱ्यांनी या दुसऱ्या अर्ध्याचा विचार करावा, कारण काळजी करण्यासारखी गोष्ट तिथे आहे.

कायद्याची चौकट बघितली तर आम्ही काही वेगळं मागत नाही हे लक्षात येईल. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. चुंबन आणि नग्नता कथेची गरज असेल तर दाखवू द्यावी, असं सेन्सॉरशिपचा अभ्यास करणाऱ्या खोसला समितीनं १९६९ सालीच लिहून ठेवलं. १९७० मध्ये दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सिनेमाची प्रदर्शनाआधीची तपासणी वैध ठरवली, पण लैंगिक विषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक समजू नका, असंही बजावलं. ‘बँडिट क्वीन’ या सिनेमावरच्या १९९६ च्या निकालात तर नग्न दृश्य असूनही ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र कायम राहिलं, कारण ते दृश्य वासना चाळवणारं नसून बघणाऱ्याला हलवणारं आहे असं न्यायालयाला दिसलं. श्याम बेनेगल समितीनं २०१६ मध्ये सुचवलं की बोर्डाचं मुख्य काम वर्गवारी करण्याचं असावं, आणि ‘ए’च्या वर ‘सावधानतेसह प्रौढ’ असा आणखी एक वर्ग ठेवावा. २०२३ च्या दुरुस्तीत ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले, ते चांगलंच झालं. प्रौढांसाठीचा तो वरचा वर्ग मात्र आला नाही आणि काटछाट सुचवण्याचा अधिकार जिथल्या तिथे राहिला. त्यात २०२१ मध्ये अपिलाचं न्यायाधिकरण बंद झालं. आता बोर्डाशी मतभेद झाला तर उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते जमतं. कोल्हापुरात पै-पै जमवून मराठी सिनेमा करणारा माणूस प्रदर्शनाची तारीख हातची जाऊ नये म्हणून सुचवलेल्या काटछाटीवर सही करून मोकळा होतो.

कोल्हापूरच्या सिनेमाला कात्री नवी नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. पुरुषांनी लुगडं नेसून बायकांची कामं करण्याच्या काळात त्यात स्त्रियांनी भूमिका केल्या, आणि कीचकवध इतका हुबेहूब वठला की ते दृश्य कापावं लागलं. पडद्यावर स्त्री आणणं हेसुद्धा तेव्हा निषिद्धच होतं. ते धाडस या गावानंही केलं म्हणून इथला पुढचा सगळा डोलारा उभा राहिला, १९२९ साली इथेच सुरू झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीसकट.

निषिद्ध काय, हे प्रत्येक ठिकाण आपापलं ठरवतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न जुळलं तर घरात आनंद, आणि चुलत बहिणीचं नाव काढलं तर भावकीत उभं राहायची सोय नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही अशी जवळची नाती वर्ज्य धरतो आणि रूढी असेल तिथे सूट देतो. मग पॅरिसच्या त्या जुळ्यांची गोष्ट बघून ‘हे पाश्चात्त्यांचं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातली खरी मनाई कुठली ते आठवावं. ती जातीची आहे. शाहू महाराजांच्या काळात या संस्थानानं आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. शंभर वर्षांनंतरही तसं लग्न करणाऱ्या पोरा-पोरीला आधी वकील आणि मग पोलीस ठाणं गाठावं लागतं.

म्हणून असा सिनेमा मराठीत, कोल्हापुरात व्हायला हवा असं आम्हाला मनापासून वाटतं. काळ जानेवारी १९४८ चा घ्या. एक ब्राह्मण मुलगी, एक मराठा मुलगा, दोघंही सिनेमाची वेडी. टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी, त्यामुळे एकच खेळ दोघं दोन बाजूंनी बघतात आणि नंतर चिठ्ठीतून त्यावर भांडतात. ३० जानेवारीला गांधीजींचा खून होतो. दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळू लागतात. भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओही त्या जाळपोळीतून सुटला नाही. पॅरिसच्या गोष्टीत रस्त्यावरचा दगड घरात येतो आणि मुलं वाचतात. आपल्या गोष्टीत रस्त्यावरची आग थेट सिनेमा जिथे बनतो तिथेच शिरली. या दोघांचं पुढे काय झालं असेल? असा सिनेमा कुणी केलाच, तर त्यातल्या मिठीपेक्षा आडनावांवर जास्त हरकती येतील. ‘भावना दुखावतील’, ‘तेढ वाढेल’ म्हणत लोक आडनावं बदलायला लावतील, आणि आडनाव बदललं की ती ओढ निषिद्ध का होती हेच नाहीसं होईल. कोवळ्या वयातली दोन मुलं पळून गेली एवढीच गोष्ट उरेल. अंगाची कात्री आणि जातीची कात्री एकाच हातात असते. पहिलीला होकार भरणाऱ्यानं दुसरीचीही तयारी ठेवावी.

आता एक आक्षेप, जो आम्ही मनावर घेतो. बर्तोलुच्ची यांच्याच १९७२ च्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मध्ये मारिया श्नायडर ही अवघ्या १९ वर्षांची नटी होती. बलात्काराच्या प्रसंगातला एक तपशील तिला आधी सांगितला नव्हता, तिची खरी प्रतिक्रिया हवी होती म्हणून. हे दिग्दर्शकानं पुढे स्वतः कबूल केलं. तिला त्या अपमानाचा सल आयुष्यभर राहिला. अशा दिग्दर्शकाचा सिनेमा दाखवावाच का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर असं की दाखवताना ही गोष्टही प्रेक्षकांना सांगावी. प्रमाणपत्र देणारा बोर्ड पडद्यावर काय दिसतं ते तपासतो, सेटवर काय घडलं ते कुणीच तपासत नाही. खरी मागणी तिथे करायला हवी. चित्रनगरीत असा प्रसंग चित्रित होणार असेल तर नटीच्या करारात तो प्रसंग शब्दशः लिहिलेला असावा, कपडे कुठवर उतरणार आणि स्पर्श कुठे होणार यासकट. सही झाल्यावरही नकार देण्याची मुभा असावी. सेटवर कामापुरतीच माणसं, मॉनिटर एकच आणि तोही आडोशाला. अंगाच्या रंगाची आच्छादनं तयार हवीत. इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे अशी जवळिकीची दृश्यं कलाकारांच्या संमतीनं बसवून घेणारी व्यक्ती, परवडत नसेल तर निदान हालचालींची तालीम कपड्यांवर, दोन दिवस आधी, तिसऱ्या जबाबदार स्त्रीसमोर व्हावी. आणि चित्रीकरण झाल्यावर वगळलेले टेक कुणाच्या हार्ड डिस्कवर राहिले याची नोंद असावी. नंतर बाहेर फुटतात ते हेच तुकडे.

खेळ लावायचा तर तो नीट लावावा लागतो. प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा महोत्सवात दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून कलम ९ खाली सूट घेता येते. असा खेळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरताच ठेवायचा. रस्त्यावरच्या माणसाला दारात तिकीट फाडून दिलं की अख्खी सूट धोक्यात येते. वयाचा पुरावा नोंदणीच्या वेळीच बघावा, दारात गर्दीत बघायला गेलं की गोंधळ होतो आणि दोन-चार पोरं आत घुसतातच. ‘ए’ सिनेमाला कडेवरचं मूलही चालत नाही, हे निमंत्रणावर मोठ्या अक्षरात छापावं. नाही तर एखादी आई तान्हं बाळ घेऊन येते आणि तिला परत पाठवायची पाळी स्वयंसेवकावर येते.

तांत्रिक बाजू आदल्या दिवशी तपासावी. या सिनेमाच्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.८५ पट आहे. सभागृहातला प्रोजेक्टर ‘पूर्ण पडदा भरा’ या सेटिंगवर असेल तर चेहरे ताणलेले दिसतात आणि अनवधानानं हशा पिकतो. उपशीर्षकं इंग्रजीत असतात आणि भराभर जातात, म्हणून पानभर मराठी गोषवारा आधी वाटावा. त्यात १९६८ चा संदर्भ आणि लांग्लुआ प्रकरण चार ओळींत असावं. मध्यंतर घेऊच नये. ११५ मिनिटं माणूस बसू शकतो, आणि ऑपरेटरनं अंदाजानं थांबवलं तर नेमकं नको त्या दृश्यावर दिवे लागतात.

वेळ संध्याकाळी सहाची ठेवावी, नऊची नको. साडेआठपर्यंत चर्चा आटोपली तर कागल, राधानगरीकडच्या मुलींना एसटी मिळते आणि शहरातल्यांना केएमटीची शहर बस. रात्रीचा खेळ ठेवला की सभागृहात फक्त पुरुष उरतात, मग शेरे सुरू होतात आणि पुढच्या वेळी उरलेल्या बायकाही येत नाहीत. असा सिनेमा आपल्या गावात ‘चालत नाही’ असं जे म्हणतात, त्याचं निम्मं कारण वेळापत्रकात असतं. शिट्टी मारणाऱ्याला पहिल्याच वेळी बाहेर काढायचं, हे सुरुवातीला माइकवरून सांगावं आणि खरोखर करावं. एकदा केलं की पुन्हा वेळ येत नाही.

खेळाआधी दहा मिनिटं कुणी तरी बोलावं, पण गोष्ट सांगू नये. लांग्लुआ कोण होते, मुलं जी जुनी दृश्यं करून दाखवतात ती कुठली, मारिया श्नायडर यांच्यावर काय गुदरलं, एवढं पुरे. खेळानंतर चर्चेला ‘कसा वाटला’ विचारून सुरुवात केली तर सगळे गप्प बसतात. त्याऐवजी दोन नेमके प्रश्न ठेवावेत. आई-वडील न बोलता निघून गेले, ते बरोबर केलं का? आणि खिडकी फुटल्यावर तिघं रस्त्यावर उतरतात, तिथे थिओ पेटती बाटली उचलतो आणि मॅथ्यू मागे फिरतो, तुम्ही कुणाबरोबर गेला असता? पहिल्या प्रश्नावर पन्नाशीचे लोक बोलतील, दुसऱ्यावर विशीतले. माइक दोन ठेवावेत, त्यातला एक मुलींच्या बाजूला.